सहा इंच खाली

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
६ जुलै २०२५

चि. ज्ञानदा,

अनेक आशीर्वाद. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी परवा बाहेर पडलो हे तुला कळलं असेलच. तुझ्या ट्रकबद्दल मी दोन ओळी खरं ते लिहिलं, तर सांगलीहून तुझ्या आत्याने "दादा, आता तरी ट्रकचा नाद सोड" असं उत्तर टाकलं आणि त्यावर सतरा जणांनी अंगठे दाखवले. सतरा! त्यातल्या एकानेही आयुष्यात ट्रक चालवलेला नाही. तेव्हा इथून पुढे आपलं भांडण टपालाने. पत्राला अंगठा दाखवून भागत नाही, उत्तर लिहावं लागतं.

मुद्द्यावर येतो. तुझ्या कंपनीच्या नव्या पिकअप ट्रकचं तोंड तू केलंस हे कळल्यावर मी मराठी मंडळात पेढे वाटले. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, वय वर्षं एकतीस, आणि एवढ्या मोठ्या अमेरिकन ट्रकचा चेहरा तिच्या हातचा! दुसऱ्या दिवशी प्रदर्शनातले फोटो आले. वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत म्हणून गप्प बसलो.

अगं, हे काय केलंस? बॉनेट सहा इंच खाली आणून पुढे उतरतं केलंस, जाळी आखूड केलीस, दिवे कुठल्या कुठे नेलेस. माझा २०१७ चा ट्रक तुमच्याच कंपनीचा. तो समोरून येताना दिसला की माणूस आपोआप बाजूला होतो. तुझा नवा ट्रक दिसला तर माणूस त्याला थांबवून पत्ता विचारेल. गृहपाठ न केलेल्या पोरासारखी मान खाली घातली आहे त्याने!

आमच्या ट्रकमालकांच्या क्लबात एकोणसाठ मेंबर आहेत आणि त्यात मी एकटा देशी. शनिवारी सगळ्यांनी मला धारेवर धरलं, कारण "माय नीस डिझाइन्स ट्रक्स" हे मीच वर्षभर सांगत फिरत होतो. मला तुझी बाजू घेता आली नाही, कारण मला ती पटलेली नाही. पत्र्याचे साचे डिसेंबरात ठरतात असं तूच म्हणाली होतीस. म्हणजे वेळ आहे. नाक वर घे.

तुझा,
संजयकाका

ता. क. : ज्ञानदा, मला यातलं काही कळत नाही. गेल्या दसऱ्याला आली होतीस तेव्हा माझी शिवणाची टेप घेऊन गेलीस, ती पाठव. ब्लाउज अडलेत. – प्रतिमाकाकू


ट्रॉय, मिशिगन
२० जुलै २०२५

ती. संजयकाका,

तुम्हाला आणि काकूला नमस्कार. वाकून केलाय बरं का. वाकल्याने माझं काही कमी झालं नाही.

तुमचं पत्र मी स्टुडिओत, माझ्या ट्रकच्या शेजारी उभी राहून वाचलं. ट्रक म्हणजे खऱ्या आकाराचं मातीचं मॉडेल. ही माती गरम करून लावतात आणि गार झाली की पात्यांनी हाताने तासतात. ते नाक तासायला चार माणसांना सात आठवडे लागले. तुम्ही फोटो बघून सात मिनिटांत निकाल दिलात.

तुम्ही एकटे नाही. इंटरनेटवर लोकांनी काय काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं असेलच. "भाजी आणायची गाडी." "आयांचा ट्रक." "हा कुठल्या पोरीने डिझाइन केला?" या शेवटच्याला मी उत्तर देणार होते की मीच ती पोर, पण कंपनीची परवानगी नाही. मग त्यातली निवडक बावीस वाक्यं छापून मी माझ्या टेबलासमोर टाचली. रोज सकाळी कॉफी घेताना वाचते. माझा बॉस कर्ट म्हणाला, काढून टाक, डिप्रेसिंग आहे. मी म्हटलं, मला तर उलट भूक लागते.

काका, आता खरं सांगा. तुमची उंची पाच फूट तीन, माझी पाच फूट एक. तुमच्या ट्रकमध्ये मी बसते तेव्हा बॉनेटपुढचा किती रस्ता मला दिसत नाही माहितीय? चौदा फूट. मी मोजलाय. स्टुडिओतले सगळे सहा फुटी आहेत, त्यांना हे पाहायची कधी गरजच पडली नाही. कर्ट म्हणतो पुढे कॅमेरा लावलाय ना. इथे डेट्रॉइटच्या हिवाळ्यात त्या कॅमेऱ्यावर रस्त्यातल्या बर्फासाठी टाकलेलं मीठ आणि चिखल बसतो, तो ते स्वतः रोज पुसतो आणि तरी मला सांगतो.

सहा इंच खाली आणायला आणखी एक कारण आहे. ते साचे पक्के झाल्यावर सांगेन. तोवर नाक तिथेच राहील, कोणी कितीही नाकं मुरडली तरी.

तुमची,
ज्ञानदा

ता. क. : काकू, टेप अजून लागतेय. रागावू नकोस.


वेस्ट विंडसर
१० ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानदा,

उत्तर आवडलं. पटलं नाही.

तू उंचीचा विषय काढलास म्हणून सांगतो. हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलेलं नाही. १९९३ साली लॅबमध्ये मला पहिलं प्रमोशन मिळालं. प्रतिमाला घेऊन मी प्रिन्स्टनच्या एका चांगल्या रेस्टॉरंटात गेलो. सूट घातला होता, नवा. दारापाशी उभा होतो, तर एक गोरा गृहस्थ गाडीतून उतरला आणि माझ्या हातात किल्ली ठेवून आत गेला. मला गाड्या लावणारा समजला. आणि ज्ञानदा, मी ती गाडी लावली! काय बोलावं तेच सुचेना म्हणून मुकाट्याने लावली आणि आत जाऊन किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. प्रतिमा त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या वर्षी मी पहिला ट्रक घेतला. आपले लोक हसले. शास्त्रज्ञ माणूस, दोघांचा संसार, याला ट्रक कशाला? पण त्या दिवसापासून आजपर्यंत मला कुणी किल्ली दिलेली नाही. मी त्या सीटवर बसलो की लोक मान वर करून माझ्याशी बोलतात. मंडळाचा गणपती गेली बावीस वर्षं माझ्याच ट्रकमधून येतो. तू म्हणतेस चौदा फूट दिसत नाही. मला जे तीस वर्षं दिसलं ते तुझ्या मोजमापात नाही.

म्हणून मी गप्प बसणार नाही. क्लबातर्फे तुमच्या कंपनीला एक जाहीर निवेदन जातंय. मजकूर माझा आहे, आधीच सांगतो, पाठीमागून वार केला असं नको. त्यातली एक ओळ लोकांनी अशी उचलून धरली की तिचे टी-शर्ट छापलेत : "अ ट्रक डझ नॉट बाउ." ट्रक कुणापुढे मान झुकवत नाही. आतापर्यंत नऊ हजार सह्या झाल्या. एकोणसत्तराव्या वर्षी मी टी-शर्टावर आलो!

तुझा,
संजयकाका

ता. क. : तो टी-शर्ट घालून हा गणपतीची मूर्ती ठरवायला निघाला होता. मी सदरा घालायला लावला. टेप? – प्र.


ट्रॉय
१४ सप्टेंबर २०२५

काका,

किल्लीची गोष्ट वाचून मी रडले. हे आधी लिहिते, कारण पुढचं रागाने लिहिणार आहे.

मंगळवारी आमच्याकडे मोठी मीटिंग झाली. दोन व्हाइस प्रेसिडेंट, मार्केटिंगचे सहा लोक, कर्ट आणि मी. मार्केटिंगने पहिली स्लाइड लावली ती टी-शर्टची. काळा टी-शर्ट, पांढरी अक्षरं, तुमची ओळ. खाली सह्यांचा आकडा, तेरा हजार. सगळे ती ओळ मोठ्याने वाचत होते आणि "ब्रिलियंट, यार कोण लिहितं हे" अशा अर्थाचं एकमेकांना म्हणत होते. मला माहीत होतं कोण लिहितं. ज्याने मला मराठी शुद्धलेखन फोनवरून शिकवलं तो लिहितो.

मीटिंग संपताना कर्टने सांगितलं, जुन्या उंचीचं नाक पुन्हा काढ, नोव्हेंबरअखेर दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवू. मी म्हटलं, मी काढणार नाही. कर्ट माणूस वाईट नाही, त्याने मला बाहेर नेऊन विचारलं, "यू नो व्हॉट यू आर सेइंग?" मला माहीत होतं. माझा व्हिसा या नोकरीवर आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा सांगलीला परत. तरी मी म्हटलं, ज्याला उंच हवंय त्याने काढावं, माझ्या हाताने ते होणार नाही. आता उंच नाक दुसरा डिझायनर काढतोय, वेदांत म्हणून पुण्याचा मुलगा आहे. तो रोज माझी माफी मागतो आणि रोज काढतो.

तुम्ही मत दिलंत, त्याचा मला राग नाही. तुम्ही एवढं चांगलं लिहिलंत याचा आहे. माझ्या बाजूला एकही ओळ नाही टी-शर्टावर छापण्यासारखी. माझ्याकडे फक्त एक माप आहे.

तेवढ्यावर मी लढणार.

ज्ञानदा


वेस्ट विंडसर
१० ऑक्टोबर २०२५

चि. ज्ञानदा,

आशीर्वाद. पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला.

इकडे थंडी सुरू झाली. मंडळाचं कोजागिरीचं दूध या वेळी मृणालिनीताईंकडे झालं. आम्ही गेलो नाही. दसऱ्याच्या दिवशी तुझी काकू ड्राइव्हवेवर घसरून पडली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. काळजीचं कारण नाही. स्वयंपाक मी करतो.

ट्रक गराजमध्ये आहे. सध्या कुठे जाणं होत नाही.

नोकरीचं जपून कर. बाकी काय लिहू.

संजयकाका


ट्रॉय
२१ ऑक्टोबर २०२५

ती. काका,

काकूचं ऐकून तिला लगेच फोन केला. ती म्हणाली, "पडले, झालं, तू तुझं काम कर," आणि फोन तुमच्याकडे दिला. तुम्ही हवेबद्दल बोललात. चार मिनिटं! तुम्ही आणि हवा! ज्या माणसाने माझ्याशी दिव्यांच्या आकारावरून पाऊण तास वाद घातला, तो मला सांगतो की पानं पिवळी झाली.

तुमच्या पत्रातही माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही. मी समजले. तुम्ही जिंकलात, आता पुतणीला फार टोचायला नको म्हणून दया दाखवताय. आणि काकूचा ताजा कलम नाही. हात मोडलाय हे मला कळतं, पण तुम्ही तिच्या वतीने एक ओळ लिहू शकला असता. टेपचीसुद्धा चौकशी नाही. म्हणजे तीही आता तुमच्या बाजूला.

राहू दे. दया नको मला. भांडा नाहीतर लिहू नका. वेदांतचं उंच नाक जवळजवळ तयार आहे आणि खरं सांगते, सुंदर आहे, तुम्हाला आवडेल. तीस नोव्हेंबरला दोन्ही शेजारी उभी राहतील. माझ्या नाकाशेजारी मी एकटी उभी राहीन. सवय आहे.

ज्ञानदा


वेस्ट विंडसर
९ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानदा,

अक्षर वाकडं आहे ते डाव्या हाताचं आहे. चार दिवस रोज थोडं थोडं लिहितेय. तुझा काका म्हणाला तू सांग, मी लिहितो. मी म्हटलं नको, तू गाळशील.

मी घसरले नाही. संजयने मला ट्रकने पाडलं.

दसऱ्याला आपण वाहनाची पूजा करतो. दर वर्षी मी प्लास्टिकच्या स्टुलावर चढून बॉनेटवर कुंकवाने श्री काढते. स्वस्तिक इथे काढत नाही, लोक भलताच अर्थ घेतात. या वर्षी गुडघ्याने स्टुलावर चढवेना. मग म्हटलं, खाली जाळीवरच काढू. बंपरपाशी अर्धी वाकून श्री काढत होते. तो आत सीटवर बसला होता, चाकाखालच्या लिंबांवरून ट्रक पुढे घ्यायला. त्याला मी दिसेना. त्याला वाटलं मी काडेपेटी आणायला घरात गेले. आणि मुहूर्त टळतोय म्हणून त्याने ब्रेक सोडला.

हळूच आला ट्रक. खांद्याला बंपर लागला आणि मी मागे हातावर पडले. ताम्हण खाली पडून वाजलं म्हणून त्याने ब्रेक दाबला. नसतं वाजलं तर हे पत्र दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. खाली उतरून त्याने मला पाहिलं तेव्हा त्याचं तोंड मी आयुष्यात विसरणार नाही. हॉस्पिटलात मीच सांगितलं, घसरले. त्याला विचारलं असतं तर तो तिथेच कोसळला असता.

नंतर महिनाभर तो ट्रककडे गेला नाही. माझी वेणीफणी करतो, अंबाडा घालतो, तो अर्ध्या तासात सुटतो. तुझं पत्र आलं, "मी एकटी उभी राहीन", ते त्याने मला वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाला, क्लब सोडतो, तिकडे आता जाणार नाही. तेव्हा मात्र मी भडकले. तेरा हजार लोकांकडून सह्या घेतल्यास आणि आता घरात बसून गुपचूप नाव कमी करणार? ओळ जगासमोर लिहिलीस ना? मग मागेही जगासमोर घे. उठ, ट्रक काढ. मी येते.

पहिल्या तारखेला त्यांची मीटिंग होती, हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. मी जांभळी इरकल नेसले, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात ताम्हण. तीसेक पुरुष, निम्म्यांच्या अंगावर संजयची ओळ. त्यांचा अध्यक्ष वॉल्टर सव्वासहा फूट आहे. संजयने त्याला आमच्या ट्रकमध्ये बसवलं. मी पुढे बंपरपाशी गेले आणि दसऱ्याला होते तशीच अर्धी वाकून उभी राहिले.

संजयने विचारलं, "वॉल्टर, हू इज इन फ्रंट ऑफ द ट्रक?"

"नोबडी," वॉल्टर म्हणाला.

मग दुसरा बसला. नोबडी. तिसरा. नोबडी. तेवीस जण बसले गं! गुडघा ठणकत होता, पण मी हलले नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे. शेवटी मी सरळ उभी राहिले तेव्हा आत बसलेला माणूस ओरडला, "आय सी हेअर!" अंबाडा तेवढा दिसला त्याला.

मग संजय बोलला. "धिस इज माय वाइफ. आय हिट हर विथ धिस ट्रक. अँड आय रोट दॅट शर्ट." एक जण म्हणाला, अहो, कॅमेरा बसवून घ्या, साधी गोष्ट आहे. मी त्याला म्हटलं, "यू वाँट टु सी मी ऑर यू वाँट टु सी टीव्ही?"

सगळे विरघळले असं समजू नकोस. पाच-सहा जण तिथूनच निघून गेले. एक जण जाताना संजयला काहीतरी घाणेरडं बोलला, ते तो मला सांगत नाही. पण वॉल्टरने शर्टावर जाकीट चढवून वरपर्यंत चेन लावली आणि अकरा जणांनी संजयच्या नव्या पत्रावर सह्या केल्या. तेरा हजारांपुढे अकरा. ते पत्र तुझ्या कंपनीला गेलंय, खाली त्याचं नाव, पत्ता आणि काय घडलं ते सगळं आहे. तुझं नाव त्यात नाही. तू त्याची पुतणी आहेस हे कुणाला कळू नये म्हणून त्याने तीनदा मजकूर बदलला.

मी कुणाच्या बाजूला नाही. मी ट्रकच्या पुढच्या बाजूला होते.

टेप पाठव.

प्रतिमाकाकू


वेस्ट विंडसर
१२ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानदा,

काकूने सगळं लिहिलंय. तिने गाळलं ते एवढंच की पडल्यावर तिने पहिल्यांदा मला विचारलं, "तुला काही लागलं नाही ना?"

माझं चुकलं. इंग्रजीत त्या दिवशी पार्किंगमध्ये खूपदा बोललो, मराठीत पहिल्यांदा लिहितोय. लोकांनी मान वर करून माझ्याकडे बघावं म्हणून मी तीस वर्षं वर बसलो. खाली प्रतिमा उभी आहे हे मला दिसलं नाही.

तू म्हणालीस तुझ्या बाजूला टी-शर्टावर छापण्यासारखी ओळ नाही. मी खूप प्रयत्न केला, मलाही सुचली नाही. झेपलं तर एक कर. माझं पत्र कुणी मीटिंगमध्ये वाचलं तर तूही मोठ्याने वाच. लाज माझी आहे, तू वाचायला लाजू नकोस.

एक विचारायचं होतं. तुझ्या ट्रकच्या बॉनेटवर तिला स्टुलाशिवाय श्री काढता येईल का?

संजयकाका


ट्रॉय
१४ डिसेंबर २०२५

ती. काका आणि काकू,

दोघांना नमस्कार. पत्राला महिना लागला, कारण निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी माझी माफी. मी दया समजले आणि तिकडे तुमच्या घरात काय चाललं होतं! काकू, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा ताम्हणापाशी थांबून पाणी प्यायले.

तीस नोव्हेंबरला दोन्ही मॉडेलं शेजारी उभी होती. मार्केटिंगने पुन्हा टी-शर्टची स्लाइड लावली. मी उठले आणि म्हटलं, याच लेखकाचं दुसरं पत्रही आलंय, तेही लावा. त्यांच्याकडे ते होतं, त्यांनी आणलं नव्हतं. मी आणलं होतं. मी ते पूर्ण वाचलं, "आय हिट हर"सुद्धा. मग सांगितलं की हा माझा काका आहे आणि ही माझी काकू. काका, तुम्ही तीनदा मजकूर बदललात ते वाया घालवलं मी. मला लपून जिंकायचं नव्हतं.

कर्टने दोन्ही मॉडेलांसमोर सगळ्यांना पाळीपाळीने वाकून उभं केलं. व्हाइस प्रेसिडेंट बाईंनी उंच टाचांचे बूट काढले आणि त्याही उभ्या राहिल्या. वेदांत स्वतःच्या उंच नाकासमोर वाकला आणि कुणाला दिसला नाही, तेव्हा तो तिथूनच म्हणाला, "ज्ञानदा, सॉरी यार, माझं काढून टाका."

खाली आलेलं नाक राहिलं. जाळीवर क्रोमची एक जाड पट्टी आली, ती मला अजिबात आवडलेली नाही, पण मार्केटिंगलाही काहीतरी हवं होतं. आणि मला ट्रकच्या टीममधून काढलं. नोकरी आहे, व्हिसा आहे, पण जानेवारीपासून मी व्हॅनच्या दारांच्या कड्या करणार. नाही म्हणणाऱ्या माणसाला तोंडाचं काम पुन्हा लवकर देत नाहीत. हरकत नाही. कड्या कोणत्या उंचीवर बसतात तेही मी आता मोजायला घेतलंय.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या वर्षी दसऱ्याला मी तुमच्याकडे होते. काकू स्टुलावर चढली, स्टूल डुगडुगलं, मी तिला धरलं. तुम्ही आत बसून "आटप, आटप" म्हणत हॉर्न वाजवत होतात. बॉनेटआड डुगडुगणारं स्टूल तुम्हाला दिसत नव्हतं, खालून मला तुम्ही दिसत नव्हतात. पूजा झाल्यावर मी काकूला म्हटलं, चल, ब्लाउजचं माप घेते. तिला गराजच्या भिंतीशी उभं केलं आणि हात पुढे करायला सांगितलं. न ताणता, न चढता, न वाकता तिचा हात जिथे टेकला तिथे जमिनीपासून टेप लावली. पंचेचाळीस इंच. तुमचा ट्रक एक्कावन्न. स्टुडिओत सगळे विचारायचे, हा आकडा कुठून आणलास? मी म्हणायचे, रिसर्च.

म्हणजे हो, येईल. सरळ उभी राहून काढेल, आणि काढताना तुमच्याकडे बघत असेल.

काकू, टेप सोबत आहे. पंचेचाळीसवर लाल शाईची खूण आहे ती माझी. ब्लाउज शिवताना मध्ये येईल, पण पुसू नकोस. साचे तिच्यावरूनच पडणार आहेत.

तुमची,
ज्ञानदा